रविवारचा सौदा

शालनबाई देशमाने यांनी मला फसवलं. आमचा सौदा फक्त रविवारचा होता आणि बाईंनी माझ्याकडून आठवड्याचे सगळे दिवस वसूल केले. सौदा तोंडी होता, साक्षीला कुणी नव्हतं, आणि आता जाब विचारावा तर बाईच राहिल्या नाहीत.

माझा धंदा खव्याचा. सायकलीला डबे बांधून भूमच्या बाजारात खवा विकायला लागलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आज स्वतःच्या भट्ट्या आहेत. या काळात पुण्या-सोलापूरच्या भल्या भल्या व्यापाऱ्यांनी मला गुंडाळून बघितलं. कुणाला जमलं नाही. जमलं ते शाळेत खेळ शिकवून रिटायर झालेल्या एका बाईला, ज्यांना स्वतःची स्कूटी धड स्टँडवर लावता येत नव्हती.

बातमी आली तेव्हा मी फोनवर भांडतच होतो. पुण्याचा एक व्यापारी खवा ओला निघाला म्हणत होता, आणि मी त्याला सांगत होतो की माझ्या भट्टीवरून अर्धाकच्चा माल आजवर बाहेर पडलेला नाही. मध्येच बाईंच्या मुलाचा, प्रशांतचा, फोन सारखा येत होता आणि मी तो कापत होतो. शेवटी त्यानं आमच्या घरी फोन लावला. माझी बायको सुमन भट्टीपर्यंत चालत आली आणि तिनं फोन माझ्या कानाला लावला. बाई पहाटे गेल्या, बार्शीच्या दवाखान्यात, असं प्रशांत म्हणाला. मी त्याला म्हणालो, "अरे पण परवा रविवार आहे. आमचं ठरलंय." भट्टीवरचं दूध वर येत होतं.

आमची ओळख झाली तीच भांडणातून. डॉक्टरनं साखर वाढली म्हणून सांगितलं आणि चालायला लावलं होतं. चालणं हे माझ्या स्वभावात बसत नाही. मी सरळ महागातले बूट आणले आणि सोनारीकडे जाणाऱ्या रस्त्याला पळायला सुरुवात केली. सुरुवात कशी, तर मागं कुत्रं लागल्यासारखी. पहिल्या पुलापर्यंत जोरात जायचं, तिथं कठड्याला धरून ओकारी येईस्तोवर धापा टाकायच्या आणि चालत परत यायचं. रोज तोच पूल, रोज तोच कठडा. महिना झाला तरी पुलाच्या पुढं काही जाता येईना, आणि त्याचा राग मी घरी येऊन कामगारांवर काढायचो.

बाई त्याच वेळी स्कूटीवरून मैदानाकडे जायच्या. शाळेतून रिटायर झाल्या तरी रोज पहाटे शाळेमागच्या मैदानावर गावातल्या मुलींना पळायला शिकवायच्या. कुणी पोलीस भरतीसाठी येई, कुणी शाळेच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी. एवढ्या पहाटे आपल्याकडं मुलींना कोण घराबाहेर सोडतं? पण बाई मैदानावर उभ्या आहेत म्हटलं की आया सोडायच्या. बाईंच्या त्या उभं राहण्यावर सगळं चालत होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण माझी तक्रार पुढं इथंच येऊन थांबते.

तर एक दिवस बाईंनी माझ्याशेजारी गाडी हळू केली आणि मला खालीवर बघून विचारलं, "शेठ, खवा हालवताय का पळताय?"

मला असलं बोलणं सहन होत नाही. तुमचं काय जातंय, असं मी तिथल्या तिथं म्हणालो. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझं काय जायचं? गुडघा तुमचा जाईल." आणि गेल्या.

मी दिवसभर धुमसत होतो. पण रात्री भट्टी विझवताना स्वतःच्या हाताकडं लक्ष गेलं. खवा आटवताना मोठं उलथणं उजव्या हातात धरून आम्ही खांद्यातून वळतो, हात उजवीकडून डावीकडं ओढत आणतो, आणि सगळं अंग त्याच्यामागं फिरतं. वर्षानुवर्षं तेच. पळतानाही माझा उजवा हात तसाच पोटावरून डावीकडं चालला होता, खांदा पुढं येत होता, कंबर पिळत होती. आमच्या भट्टीवरची दोन माणसं मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम आवारात पळवून बघितली. तीही खवा हालवतच पळाली. भट्टीवर जन्म काढलेला कुठलाही माणूस असाच पळणार.

म्हणून मी मैदानावर गेलो आणि बाईंना त्यांची फी विचारली. बाई फी घेत नाहीत म्हणाल्या. तेव्हा मी परत निघालो, कारण फुकट मिळणाऱ्या मालात खोट असते असं मी धरून चालतो. बाईंनी हाक मारून थांबवलं. फी नको, पण एक पावसाळाभर मी सांगेन तसं करायचं, वाद घालायचा नाही, ही त्यांची अट. सांगाल ते करीन पण वाद घातल्याशिवाय मला जमणार नाही, हे माझं म्हणणं. बाईंनी थोडा विचार केला. "ठीक आहे, वाद घाला," म्हणाल्या, "पण पळता पळता घालायचा. थांबून घालायचा न्हाय." वर जाता जाता माझ्याकडून खव्याचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागून घेतला. त्याच्या बुडाला त्यांनी खिळ्यानं भोकं पाडली, आत फक्की भरली आणि त्या डब्यानं मैदानावर पळायच्या रेघा आखायला लागल्या. पहिल्याच सौद्यात डबा गेला, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

पळता पळता वाद घालायचा, हा बाईंचा सगळ्यात मोठा डाव निघाला. माझं सगळं पळणं जोरात होतं आणि त्यामुळंच ते पुलापाशी संपत होतं. लांब पळायचं असेल तर आधी सावकाश पळायला शिका, वेग त्याच्यातूनच येतो, असं बाई रोज सांगायच्या आणि ते माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. सावकाश गेल्यावर वेग कसा येईल? मग त्या स्कूटीवर माझ्या शेजारी चालायला लागल्या आणि गिऱ्हाईक झाल्या. "शेठ, काय भाव लावला आज?" असं विचारायच्या आणि मी भाव सांगितला की तो निम्म्यावर आणायच्या. मला निम्मा भाव ऐकून गप्प बसता येत नाही. मी दुधाचे दर सांगायचो, जळण सांगायचो, मजुरी सांगायचो. बोलता बोलता दम लागला, वाक्य मध्येच तुटलं, की बाई म्हणायच्या, "शेठ अडकले. माझा भाव पक्का." नियम तोच होता: पूर्ण वाक्यात घासाघीस करता येईल तेवढ्याच वेगानं पळायचं. दम लागला तर सौदा हरला. एकदा गौरीच्या सणाआधी मी तावात येऊन पाय उचलले, "परवडत" एवढंच तोंडातून निघालं आणि "नाही" बाहेर यायच्या आत श्वास संपला. बाईंनी सणाचा सगळा खवा निम्म्या भावात नेला आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलंही. त्यानंतर मी आपोआप सावकाश पळायला लागलो. धंद्यात बुडण्यापेक्षा सावकाश पळणं परवडलं. आणि काय सांगू, दिवाळीच्या आत तो पूल मागं पडला. कधी पडला ते कळलंसुद्धा नाही, कारण मी त्या वेळी तुपाच्या दरावर बोलत होतो.

मग हातांचा नंबर लागला. बाई समोर उभ्या राहायच्या आणि मला त्यांच्याकडं पळत यायला लावायच्या. शर्टाच्या गुंड्यांची रेघ म्हणजे बांध, असं त्यांनी सांगून टाकलं. उजवा हात बांधाच्या उजवीकडं, डावा डावीकडं. "शेजाऱ्याच्या रानात शिरायचं न्हाय." आमच्या भागात बांधावरून डोकी फुटतात, त्यामुळं ही गोष्ट मला एका दिवसात पटली. कोपर दुमडलेलं ठेवायचं आणि मागं मारायचं, पुढं नाही, पुढं हात आपोआप येतो. मुठी आवळायच्या नाहीत. जबडा आवळायचा नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. रागीट माणसाचा जबडा त्याच्या हातात नसतो. बाई म्हणायच्या, गाल सैल सोडा, तोंडावर दुकान बंद झाल्यासारखं करू नका.

पण सकाळी तासभर सरळ केलेला हात दिवसभर भट्टीवर परत वाकडा व्हायचा. म्हणून बाईंनी मला डाव्या हातानंही खवा हालवायला लावलं. कामगार तोंड फिरवून हसायचे. सुमन एकदा बघून म्हणाली, "अहो, आता आरती पण डाव्या हातानंच ओवाळा." पहिल्या आठवड्यात एक घाणा खाली लागला. मी बाईंना जाऊन सुनावलं. त्यांनी जळका खवा चाखून बघितला आणि म्हणाल्या, बर्फी वाईट होईल, पण खांदा सुधारतोय. दोन महिन्यांनी खरंच कंबर पिळायची थांबली. गुडघ्याची कुरकुर गेली ती आजतागायत आली नाही.

पायांच्या बाबतीत मात्र माझा धंदाच उपयोगी पडला. मी लांब लांब ढांगा टाकायचो, ओढा ओलांडल्यासारखा, आणि टाच पुढं आपटायची. बाई म्हणाल्या, प्रत्येक पावलाला तुम्ही ब्रेक दाबताय आणि वर वेग मागताय. पाऊल पुढं नाही, आपल्या अंगाखाली पडलं पाहिजे. मला ते काही केल्या जमेना. शेवटी एक दिवस त्या भट्टीवरच आल्या, कढईपाशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, दूध पातळ असताना हात कसा चालतो? मी म्हणालो, लांब लांब, सावकाश. आणि खवा घट्ट होत आला की? मी म्हणालो, लहान लहान आणि भराभर, नाहीतर खाली लागतो. "मग पाय तसे चालवा," एवढंच बोलून बाई खव्याचा गोळा हातावर घेऊन निघून गेल्या. लहान आणि भराभर. तिथून पुढं मला ढांगेबद्दल कुणाला काही विचारावं लागलं नाही. वेग वाढवायचा म्हणजे लांब उडी मारायची नाही, हात आखूड करून पटपट चालवायचा, हे माझ्या अंगाला आधीच ठाऊक होतं, फक्त ते पायापर्यंत पोचलं नव्हतं.

त्यानंतरच बाईंनी मला जोरात पळू दिलं. तेही मोजून मापून. आठवड्यातून एकदा विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत वेगात, पुढच्या खांबापर्यंत हळू. एकदा गावाबाहेरच्या चढावर. बाकी दिवस घासाघीस. मी रोज चढ मागायचो, त्या रोज नाकारायच्या. जोराचं पळणं हे मिठासारखं आहे, भाजीत किती घालाल, असं विचारायच्या.

धाराशिवला पहिली मोठी शर्यत पळालो तेव्हा बंदूक वाजताच सगळे सुटले, आणि मी सुटलो नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठं आश्चर्य आहे. पोरंसोरं, पोटं सुटलेली माणसं, सगळी माझ्या पुढं गेली. रक्त नुसतं उसळत होतं. पण बाई शेजारी आहेत असं धरून मी तोंडातल्या तोंडात भाव सांगत राहिलो. शेजारून पळणाऱ्या एकानं घाबरून बाजू बदलली. निम्म्या वाटेनंतर ती पुढं गेलेली माणसं एकेक करून परत भेटायला लागली... कठड्याला धरून उभी, माझ्यासारखीच. मला त्यांची दया आली आणि मजाही वाटली. शेवटच्या टप्प्यात मी पाय लहान आणि भराभर केले आणि माझ्या वयाच्या माणसांत तिसरा आलो. बाई रेघेपाशी उभ्या होत्या. मी मेडल दाखवलं. त्यांनी ते बघितलंच नाही. "शेवटी उजवा हात बांध ओलांडत होता," म्हणाल्या. आणि मग पदरानं माझ्या डोक्यावरची धूळ झटकली, मी त्यांच्या शाळेत असल्यासारखी. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. शाळेतल्या कुठल्या बाईंनी माझ्या डोक्याला हात लावल्याचं मला आठवत नाही.

आता फसवणुकीवर येतो. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बाई नेहमीसारख्या स्कूटीवर शेजारी होत्या. गाडी जरा जास्तच हळू चालली होती, पण मला वाटलं, थंडी आहे. त्यांनी खव्याचा भाव विचारला नाही. म्हणाल्या, मला तपासायला बार्शीला जावं लागतंय, माझ्यामागं पोरींसाठी मैदानावर कुणीतरी उभं राहायला पाहिजे. तुम्ही रोज या. मी पळता पळताच सांगितलं की मला भट्टी आहे, मला शिकवता येत नाही आणि मला पोरींवर ओरडल्याशिवाय राहवणार नाही. बाई म्हणाल्या, मग एक दिवसाआड या. मी म्हणालो, बाई, मी फक्त रविवारी येईन, त्यापेक्षा एक दिवस जास्त नाही. मला वाटलं, आता त्या गुरुवार मागतील, मी नाही म्हणेन, मग शेवटी रविवार आणि एखादी सकाळ यावर सुटेल. मी तयारीत होतो. माझा श्वासही चांगला चालला होता.

"बरं," बाई म्हणाल्या. "रविवार. ठरलं."

आणि गाडी वळवून गेल्या.

मी जिंकलो म्हणून खूश झालो. एवढ्या वर्षांत बाईंनी माझी पहिली बोली कधी मान्य केली नव्हती. जो पहिल्याच बोलीला ठरलं म्हणतो त्याच्या मनात दुसरंच काहीतरी चाललेलं असतं, हे मी भट्टीवरच्या पोरालाही शिकवतो. तरी त्या दिवशी मी शीळ घालत घरी आलो. त्याच आठवड्यात बार्शीला त्यांना बघायला गेलो, तेव्हाही त्या पोरींविषयी काही बोलल्या नाहीत. सगळा वेळ माझ्या हाताकडं बघत होत्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "डावा सोडू नका, शेठ." मला वाटलं, खव्याचं म्हणतायत.

त्यांचे दिवस झाल्यावर पहिल्या रविवारी मी ठरल्याप्रमाणं मैदानावर गेलो. व्यवहार म्हणजे व्यवहार. सगळ्या मुली गेटाबाहेर उभ्या होत्या, काहींच्या आया सोबत होत्या. मुस्कान नावाची एक मुलगी आहे, लांब पल्ल्याची, तिची जिल्ह्याची शर्यत तोंडावर आली होती. तिनं मला बघून नमस्कार-बिमस्कार काही केला नाही. "काका, काल का न्हाय आलात? परवा पण न्हाय आलात."

मी सांगितलं की माझं रविवारचं ठरलंय.

"बाईंनी सांगितलं, शेठ रोज येणारेत. शब्द दिलाय म्हणाल्या. म्हणून तर अम्मी सोडायला तयार झाली."

मी चिडलो. सगळ्यांसमोर चिडलो. सौदा काय झाला होता, कुठं झाला होता, कोण काय बोललं, सगळं मोठ्यानं सांगितलं. मुस्कानची आई पदर डोक्यावर घेऊन शांत ऐकत होती. तिला म्हणालो, रोज यायचं मी कबूल केलेलं नाही. तिनं मुलीचा दंड धरला, घरी न्यायला. तेव्हा मुस्कान म्हणाली, "काका, बाई म्हणल्या होत्या तुमी चिडणार. चिडले की म्हणायचं, निम्मे दिवस तरी या."

"आणि मी निम्म्याला कबूल झालो तर?"

"त्या म्हणल्या, होणार न्हाईत. शेठ अर्धाकच्चा माल देत न्हाईत."

आता याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? मरणाच्या दारात असलेल्या बाईनं एका शाळकरी पोरीला माझ्याशी घासाघीस कशी करायची ते शिकवून ठेवलं. माझंच वाक्य, माझ्याच भट्टीवर ऐकलेलं, माझ्यावरच लावलं. प्रशांतनं दिलेल्या किल्लीनं मी गेटाचं कुलूप उघडलं. दुसरं करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मुस्कानच्या आईनं दंड सोडला.

तेव्हापासून मी रोज जातो. भट्टी आता पहाटे सुमन बघते आणि त्याबद्दल मला रोज ऐकवते. मी मुलींना ओरडतो, पण त्या घाबरत नाहीत. मुस्कान सावकाश पळायच्या दिवशी मला भाव विचारते आणि निम्म्यावर आणते, आणि तिचा दम अजून तुटलेला नाही. शर्यतीत ती शेवटच्या टप्प्यात पुढं आली, तेव्हा तिचे पाय कसे चालले होते ते बाईंनी बघायला हवं होतं... लहान आणि भराभर. हात मात्र बांधाच्या आत.

माझी साखर आटोक्यात आहे. गुडघे शाबूत आहेत. जबडा बऱ्यापैकी सैल झालाय असं सुमन म्हणते. हे सगळं बाईंचं देणं आहे आणि ते मी कबूल करतो. पण म्हणून हिशेब मिटत नाही. मैदानावरच्या लिंबाच्या झाडाला एक खिळा आहे, त्याला तो भोकं पाडलेला डबा अजून टांगलेला असतो. माझाच डबा. रोज पहाटे मी त्यात फक्की भरतो आणि रेघा आखतो. माझ्या रेघा वाकड्या येतात, मुली हसतात. बाईंच्या सरळ यायच्या. डावीकडची रेघ मी डाव्या हातानं आखतो, ती त्यातल्या त्यात बरी येते.

बाई, सौदा रविवारचा होता. सोमवार ते शनिवार कुणाच्या नावावर धरायचे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. प्रशांतला विचारलं तर तो हसतो. मुस्कानला विचारलं तर ती म्हणते, बाईंना विचारा. म्हणून इथं, सगळ्यांसमोर, तुम्हालाच विचारतो. उद्या पहाटे मी मैदानावर आहे. परवाही आहे. तुम्हाला सवड होईल तेव्हा या आणि या सहा दिवसांचा जाब द्या. मी थांबून वाद घालणार नाही. पळता पळता बोलू.